चेहरा सोडून

दिल्लीच्या पत्रात तीनच अटी होत्या:
आश्रय मागून थांबलेल्या माणसांचं रोजचं जगणं हवं,
जागा ओळखू येऊ नये,
चेहरे नकोत.
बाकी उजेड तुमचा, असं लिहिलं होतं खाली.

मी नाक्यावरचा पासपोर्ट फोटोवाला.
तेवीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो,
मान सरळ, कान दिसू देत, हसू नका.
चेहरा सोडून माणसाचं काय काढतात
ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

बंदराच्या मागे, बर्फाच्या कारखान्याला टेकून
पत्र्याच्या अकरा खोल्या. त्यातली एक सेनवाराची.
तिचं नाव सेनवारा नाही.
तीच म्हणाली, हे लिही, मावशीचं आहे,
मावशीला आता कशानेच काही होणार नाही.

पहाटे चारला कोळंबीच्या शेडकडे निघालेल्या टाचा काढल्या.
सोलून सोलून पांढरीफटक झालेली बोटं.
भिंतीवर पेन्सिलीने मांडलेला किलोंचा हिशेब,
अनोळखी लिपीत, पण हातचा आपल्यासारखाच वर लिहिलेला.
शेजारच्या पागेकाकूंनी दिलेली जुनी सहाण.
तिकडचं लाकूड इथे मिळत नाही,
म्हणून ती आंबेहळद उगाळते, गालांवर दोन गोल लावते.
मी सहाण काढली, बोट काढलं.
गाल चौकटीबाहेर.

एकदा टेकडीकडे हात करून विचारलं तिने,
ते एवढं मोठं कुणाचं?
म्हटलं, तुमच्या देशाचा राजा. हद्दपार करून इथे ठेवला होता.
हसली. आमचा नव्हता तो कधी.
मग जरा वेळाने, कोळंबीचा धागा ओढता ओढता,
भाडं कोण भरायचं त्याचं?

(एवढ्यावरून गाव कळलंच असेल तुम्हाला.
असू दे. इथे बंदरामागे पत्र्याच्या खोल्या किती,
ते एकदा येऊन मोजा.)

प्रिंट नेऊन दाखवल्या.
तिने त्या चटईवर पसरल्या,
ताजी-शिळी निवडावी तशा एकेक बाजूला सारल्या.
हे पाय कुणाचे?
तुझेच.
माझ्या आईला कसं कळेल?
मी गप्प.
पत्रा कशाला घेतलास? ही ओल कशाला?
घराला खिडकी आहे एक.
चाळीस फोटोंत ती कुठेच कशी नाही?

खरं होतं. दिल्लीला ओल चालणार होती,
खिडकीचं कुणी काही बोललं नव्हतं,
आणि मलाही पत्र्यावरचा उजेडच बरा वाटला होता.

तिने पागेकाकूंची हिरवी साडी मागून आणली,
पत्र्यावर खिळ्यांनी ताणून लावली.
जुबेरला शाळेचा शर्ट घातला, बटणं वर-खाली.
गालांवर ताजे गोल.
खिडकीशी बसली, मुलगा मांडीवर.
सवयीने तोंडातून गेलं,
मान सरळ, कान दिसू देत...
पुढचं मी गिळलं.

एकच प्रिंट. कॅमेऱ्यातला फोटो तिने स्वतः
बटण दाबून पुसला, दोनदा खात्री केली.
प्रिंटचा फोटो कुणाच्या तरी मोबाइलने
छावणीत गेला.

दिल्लीचं उत्तर आलं: उत्कृष्ट. टाचा फार बोलक्या.

तिच्या आईचंही आलं, आवाजातच,
मागे कोंबड्या, पोरांचा कालवा.
सेनवाराने तीन वेळा ऐकलं, मग मला अर्थ सांगितला:
पोरगा वाळलाय. साडी कुणाची?
आणि खिडकीतून काय दिसतं?

खिडकीतून बर्फाच्या कारखान्याची भिंत दिसते.
भिंतीच्या वर, टाचा उंचावल्या तर,
वीतभर समुद्र.

शुक्रवारी शेड बंद असते.
येताना शिडी आण, म्हणालीय.